आधी त्याचं बोलणं ऐक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मेरी शेलीची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाइन' आणि त्यावरचे चित्रपट हा विषय तू प्रबंधासाठी घेतलास, फार आनंद झाला. तुझी यादी पाहिली. वर सगळे चित्रपट आणि कादंबरी तळाला. ती यादी उलटी कर. महिनाभर एकही चित्रपट लावू नकोस.

पुस्तक १८१८च्या आवृत्तीतलं घे. १८३१मध्ये मेरी शेलीने मजकुरावर पुन्हा हात फिरवला. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नवा जीव घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण आहे, दुसरीत ती सांभाळायला आणलेली पोरकी मुलगी होते. उतारा देताना प्रत्येक वेळी साल लिही, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

व्हिक्टरने घडवलेला तो जीव जन्मतो ते पान सावकाश वाच. नोव्हेंबरची रात्र, तावदानांवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती आणि उघडलेला निस्तेज पिवळा डोळा. एवढंच. विजांचा कडकडाट नाही, हाताखालचा कुबडा नोकर नाही. हे लक्षात राहिलं की नंतर कुणी काय आणून जोडलं ते आपोआप दिसू लागेल.

पण खरं काम कादंबरीच्या मधोमध आहे. तिथे तो जीव स्वतः बोलतो, पानंच्या पानं बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून बघत तो भाषा शिकलाय, मिल्टन आणि प्लुटार्क वाचलाय. त्या घरातला म्हातारा आंधळा आहे. तोच एकटा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येतो. मुलगा फेलिक्स येतो, बघतो आणि काठीने झोडपतो. वाचणारे आपण त्या म्हाताऱ्याच्या जागी बसलेले असतो. रंगमंच आणि पडदा मात्र आपल्याला फेलिक्सचे डोळे देतात. माझ्या मते तुझा प्रबंध इथून सुरू व्हायला हवा.

१८२३मध्येच लंडनच्या रंगमंचावर, कादंबरीवरच्या नाटकात, तो जीव मुका झाला. जाहिरातीच्या पत्रकात त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. मेरी शेलीने ते नाटक पाहिलं आणि ती निनावी जागा तिला आवडली. जेम्स व्हेलच्या १९३१च्या चित्रपटात सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. त्याची भूमिका करणारा बोरिस कार्लोफ त्यात फक्त गुरगुरतो. तरी त्याला कमी लेखू नकोस, त्याचे हात बघ, उजेडाकडे उचललेले.

त्याच चित्रपटात तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्यासोबत पाण्यात फुलं सोडते. फुलं संपतात. तीही तरंगेल असं वाटून तो तिला उचलून पाण्यात टाकतो. कादंबरीत याच्या नेमकं उलट आहे: बुडणाऱ्या मुलीला तो ओढून बाहेर काढतो आणि बदल्यात गोळी खातो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून मी कितीतरी वर्षं शिकवतोय, दर वेळी वर्गात थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

१९३५च्या पुढच्या भागात व्हेलने त्याला वाचा दिली, मोजके शब्द. ते त्याला कोण शिकवतं? जंगलात एकटा राहणारा, व्हायोलिन वाजवणारा आंधळा म्हातारा. कादंबरीतला म्हातारा गिटार वाजवतो.

हे दोन म्हातारे घेऊन चार पानं लिही आणि पाठव. बाकीचे चित्रपट त्यानंतर बघू.

तुझा,
सर