वाचकांचे प्रश्न : डाग कुणाचा ते कळतं, कसा पडला ते नाही

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की डीएनए अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणारे वकील बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यावर वकिलांची आली ती रागाची पत्रं, आणि बाकी सगळ्यांचे आले ते प्रश्न. वकिलांशी नंतर बोलू. माझी नोकरी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली, आधी जीवशास्त्र विभागात आणि मग डीएनए विभागात. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलते, एवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : रक्ताच्या थेंबावरून माणूस ओळखतात म्हणजे नेमकं काय करतात? मालिकांमध्ये दाखवतात तसा संगणकावर आरोपीचा फोटो येतो का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

फोटो येत नाही, गुरुजी. आकड्यांच्या जोड्या येतात, आणि त्या समोर दुसरा नमुना असल्याशिवाय काहीच बोलत नाहीत.

माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. तुमची आणि माझी त्यातली हजारातली नऊशे नव्याण्णव सारखीच. फरक शोधायचा तर तो जिथे हमखास सापडतो अशा ठरावीक जागा पाहायच्या. त्यातली एक आहे टीएच०१, अकराव्या गुणसूत्रावर. तिथे 'एएटीजी' ही चार अक्षरं एकामागे एक जोडलेली असतात, मालगाडीचे डबे जोडावेत तशी. कुणाच्या गाडीला सहा डबे, कुणाच्या नऊ. प्रत्येकाकडे अशा दोन गाड्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. म्हणून अहवालात 'टीएच०१ : ६, ९' असं दिसतं. ६, ९ वाले लोक ढिगाने सापडतील. पण अशा वीसेक जागा एकदम पाहिल्या की गर्दी झपाट्याने विरळ होते. अमेरिकेत आधी १३ जागा पाहायचे, २०१७ पासून २० पाहतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतले तयार संचही साधारण तेवढ्याच किंवा थोड्या जास्त जागा पाहतात. शिवाय नमुना पुरुषाचा की स्त्रीचा, हे सांगणारी एक वेगळी जागा असते.

आता काम कसं चालतं ते सांगते. डागाचा तुकडा कापून त्यातून डीएनए सोडवून घ्यायचा. आम्हाला हवा असलेला डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि रक्तातल्या लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे डाग कितीही लालभडक असला तरी उपयोगाच्या असतात त्या पांढऱ्या पेशी. मग डीएनए किती मिळाला ते मोजायचं. एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग मिळाला तरी आम्ही खूश. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, जो करोनामुळे घरोघरी माहीत झाला. यंत्र नळी ९४ अंशांपर्यंत तापवतं, डीएनएचे दोन पेड सुटे होतात. साठेक अंशांपर्यंत थंड झालं की हव्या त्या जागेच्या दोन्ही टोकांना प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तयार तुकडे, चिकटतात आणि त्यांच्यापासून पुढे नवी प्रत लिहिली जाते. अशा २८ फेऱ्या झाल्या की हिशेबाने एकाच्या सव्वीस कोटींहून जास्त प्रती होतात. शेवटी त्या केसाइतक्या बारीक नळीतून विजेच्या दाबाने पळवायच्या. आखूड तुकडे पुढे, लांब मागे. प्रत्येक तुकडा लेझरसमोरून गेला की पडद्यावर एक शिखर उमटतं. शिखराची जागा म्हणजे तुकड्याची लांबी, आणि लांबी म्हणजे डब्यांची संख्या.

सुरुवातीला हे एवढं सुटसुटीत नव्हतं. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १० सप्टेंबर १९८४च्या सकाळी जी एक्स-रे फिल्म डेव्हलप केली, तिच्यावर पट्ट्यांची नुसती दाटी होती. त्यात त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंचे आणि त्यांच्या आईवडिलांचे नमुने होते. मुलीची प्रत्येक पट्टी आईकडे किंवा वडिलांकडे सापडत होती. शोध घेत होते एका जनुकाचा, हाती लागली ही माणूस ओळखायची पद्धत. त्या पद्धतीला डीएनए बराच लागायचा, किरणोत्सारी पदार्थ लागायचे आणि फिल्मवर काही उमटेपर्यंत दिवसच्या दिवस जायचे. वाळलेल्या थुंकीवर तिचं काही चाललं नसतं.

प्रश्न : अहवालात 'कोट्यवधींमध्ये एक' असं लिहिलेलं असतं. मग एवढ्या एका पुराव्यावर गुन्हा सिद्ध व्हायला हरकत काय? (एलएलबीची विद्यार्थिनी, नाशिक)

आधी गणित बघ. एका जागेवरची जोडी दहातल्या एकाची आहे असं धरलं, तर वीस जागांचा गुणाकार म्हणजे एकावर वीस शून्यं. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या आसपास. म्हणजे डाग त्याचाच आहे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. (सख्ख्या भावांचं गणित वेगळं, तिथे जपून.)

वाद त्याच्या पुढे सुरू होतो. डाग त्याचा आहे. पण तो तिथे कसा आला, कधी आला, त्याने स्वतः आणला की दुसऱ्याने? यातलं काहीही शिखरांमध्ये दिसत नाही. आरोपी मृताचा शेजारी असेल आणि रोज चहाला येत असेल, तर कपावरच्या त्याच्या डीएनएची किंमत शून्य. तोच डीएनए अनोळखी माणसाचा असेल आणि नखांखाली सापडला, तर गोष्ट फिरते. ही किंमत ठरवायचं काम न्यायाधीशाचं आणि उलटतपासणी घेणाऱ्याचं. साक्षीला गेले की मला हमखास विचारायचे, 'म्हणजे गुन्हा यानेच केला ना?' मी म्हणायचे, 'डाग याचा आहे.' पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. सरकारी वकील नाराज व्हायचे.

आणि नमुन्यातच घोळ असेल तर? जर्मनीतली गोष्ट वाच. १९९३ पासूनच्या खुनांत, चोऱ्यांत, चाळीसेक ठिकाणी एकाच बाईचा डीएनए सापडत गेला. २००७ मध्ये हाइलब्रोन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तीच. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये जळून मेलेल्या एका पुरुषाच्या कागदपत्रांवरही ती बाई निघाली, तेव्हा पोलिसांच्या डोक्यात प्रकाश पडला. डीएनए होता नमुना टिपायच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या एका कामगार बाईचा! काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए जात नाही. पोलीस वर्षानुवर्षं अस्तित्वात नसलेल्या गुन्हेगाराच्या मागे होते.

आणखी एक लक्षात ठेव. डीएनएने पहिला गाजलेला खुनाचा खटला सोडवला, त्याची सुरुवात निरपराधाच्या सुटकेने झाली. लेस्टरजवळच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीत दिसलं की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो हा मुलगा नाही. मग पोलिसांनी परिसरातल्या हजारो पुरुषांचं रक्त तपासलं. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, त्यात सापडला नाही, कारण त्याने स्वतःच्या जागी सोबत काम करणाऱ्याला पाठवलं होतं. तो सोबती पबमध्ये बोलून गेला, ते कुणीतरी ऐकलं आणि १९८७ मध्ये पिचफोर्क पकडला गेला. म्हणजे चाचणी होतीच, पण धागा मिळाला तो गप्पांतून. पोलीस कबुलीला फार भाव देतात, म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. पोलीस केसमध्ये नमुने घेताना, बांधताना काय जपावं? आम्हाला कुणी नीट शिकवत नाही. (एक भगिनी, नंदुरबार जिल्हा)

तुमच्या प्रश्नावर मी पूर्ण अंक लिहीन. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागडं असो, अहवालाचं नशीब बरंचसं तुमच्या टेबलावरच ठरलेलं असतं.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या, जांभळ्या बुचाच्या. हिरव्या बुचाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पीसीआरला अडवतं. शवविच्छेदनातला डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. हिस्टोपॅथॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या) सवयीने तो तसाच येतो आणि त्यातला डीएनए तुटून गेलेला असतो. कुजलेला मृतदेह असेल तर मांडीचं हाड आणि दाढा, शक्यतो न किडलेल्या. केस कापून पाठवू नका, मुळासकट उपटलेले हवेत. नेहमीच्या चाचणीला लागणारा डीएनए मुळाशी असतो. नुसत्या केसातून मिळतो तो माइटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा, आणि तो आईच्या वंशातल्या सगळ्या नातेवाइकांत सारखाच असतो.

कपडे मात्र सगळ्यात महत्त्वाचे. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही घालायचा नाही. सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवायचा, मग कागदाच्या पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा. पीडितेचे आणि आरोपीचे कपडे एका टेबलावर, एका हातमोज्याने हाताळायचे नाहीत. एका पावसाळ्यात एका पोलीस ठाण्याचा मुद्देमाल माझ्याकडे आला होता. लाखेचं सील अगदी देखणं, पंचनामा बिनचूक, आवक बारनिशीत नोंद झाली, आणि आत प्लॅस्टिकमध्ये बुरशीचा हिरवा लगदा. मुलगी चौदा वर्षांची होती. 'डीएनए मिळाला नाही' या एका ओळीचा सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, गेला. त्या ओळीचा अर्थ 'अत्याचार झाला नाही' असा होत नाही, हे मी लिहिलं होतं, पण ते कोर्टात कुणी वाचून दाखवलं का, कोण जाणे.

जीन्सवरचा डाग असेल तर लेबलवर तसं लिहा. निळीचा रंगही पीसीआर अडवतो, आम्हाला आधी कळलेलं बरं.

प्रश्न : नवरा मुलाची डीएनए चाचणी कर म्हणतो, नाहीतर पोटगी देणार नाही. मी नकार दिला तर मी खोटी ठरते का? (नाव नको, ठाणे)

ताई, नवऱ्याच्या सांगण्यावरून चाचणी करायला तुम्ही बांधलेल्या नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. पूर्वी ते पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६ आहे. त्या काळात पतीपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे नवऱ्याला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं की मागितली म्हणून अशी चाचणी द्यायची नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या एका दांपत्याच्या प्रकरणात बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची चाचणी हवी होती. खालच्या न्यायालयांनी दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण आईबापांच्या भांडणात मुलाला पुरावा करायचं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या एका पोटगीच्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने दोनदा चाचणी झाली, दोन्ही वेळा नवरा पिता नाही असं निघालं, आणि २०१४ मध्ये न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा अहवाल मोठा मानला. म्हणजे चाचणी सहज मिळत नाही, पण एकदा झाली की तिच्याकडे काणाडोळाही होत नाही. वकिलाचा सल्ला घ्या, कुटुंब न्यायालयात विधी सेवेचे वकील मोफत मिळतात. आणि नवऱ्याने मुलाच्या तोंडातून परस्पर काडी फिरवून खासगी प्रयोगशाळेतून कागद आणला, तर घाबरू नका. नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला, सील कुणाचं, याची साखळी नसलेला कागद कोर्टात फार टिकत नाही.

प्रश्न : अस्थींवरून डीएनए काढता येतो का? (जळगाव)

नीट पेटलेल्या चितेतल्या पांढऱ्या पडलेल्या हाडांतून नाही. अर्धवट जळालेल्या, आतून काळसर राहिलेल्या हाडातून किंवा दाढेच्या आतल्या भागातून कधी कधी निघतो. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळून पेटलं, तेव्हा मृतांची ओळख मुख्यतः डीएनएवरूनच पटवावी लागली. त्यासाठी नातेवाइकांचे नमुने घेतले. आईवडील किंवा मुलं असतील तर उत्तम, भावंडांचं गणित किचकट होतं. नवऱ्याच्या ओळखीसाठी बायकोच्या रक्ताचा उपयोग नसतो, हे त्या वेळी बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागतं.

प्रश्न : जुळ्या भावांचा डीएनए सारखा, तर पकडणार कुणाला? आणि रक्त चढवलं तर डीएनए बदलतो का? (दहावीतला विद्यार्थी, चिपळूण)

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचे आमच्या चाचणीतले आकडे तंतोतंत सारखे येतात. पण बोटांचे ठसे वेगळे असतात, तिथे जुनं शास्त्र बाजी मारतं. रक्त चढवल्याने सहसा काही होत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर मात्र गंमत होते. त्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए, केसांच्या मुळांत स्वतःचा आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यात बहुधा दोघांचा. म्हणून फॉर्मवर तो प्रश्न विचारलेला असतो. तो रिकामा ठेवू नये.

प्रश्न : जप्त केलेलं शिजवलेलं मांस हरणाचं की बकऱ्याचं, हे डीएनएवरून कळतं का? (वनविभागातील वाचक, गोंदिया)

कळतं. इथे प्रश्न 'कोण' असा नसून 'कुठली जात' असा असतो, म्हणून माइटोकाँड्रियातला सायटोक्रोम बी हा भाग वाचतात. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे रस्सा झाला तरी काहीतरी उरतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असंख्य प्राण्यांना चालतील असे प्रायमर बनवले आहेत. वाघाचं कातडं कुठल्या वाघाचं, हे हवं असेल तर पुन्हा डबे मोजण्याची पद्धत.

तुमच्या भागाशी या शास्त्राचं एक नातंही आहे. भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग रुजवलं ते सीसीएमबीच्या डॉ. लालजी सिंग यांनी. त्यांनी परदेशी प्रोब (डीएनएतली हवी ती जागा शोधून चिकटणारा तुकडा) वापरला नाही, स्वतः साप-संशोधनातून शोधलेला 'बीकेएम' वापरला. त्यातला 'बीके' म्हणजे पट्टेरी मण्यार, तीच जी तुमच्याकडे विदर्भाच्या पूर्व भागात निघते. सापांमध्ये नर-मादी कसे ठरतात हे शोधताना मिळालेला तो तुकडा माणसालाही लागू पडला. केरळमधल्या पितृत्वाच्या खटल्यात आणि नंतर राजीव गांधींच्या मारेकऱ्यांची ओळख पटवताना हैदराबादची ही पद्धत कामी आली.

नमुना पाठवताना मांसाचा छोटा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. अल्कोहोल नसेल तर डीप फ्रीझरमध्ये. भांडं, तवा, सुरीसुद्धा जप्त करा, धुऊ देऊ नका. सुरीच्या मुठीच्या फटीत बरंच काही अडकलेलं असतं.