नागपुरात पहिलाच उन्हाळा? आधी कूलरकडे बघा

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पत्र्याचा डेझर्ट कूलर चोख काम करतो. तयारी मात्र होळीच्या आसपास उरकून टाका. नंतर ताट्या (कूलरच्या बाजूंना बसणारे, पाण्याने भिजणारे वाळ्याचे किंवा गवताचे पॅड) भरून देणारा माणूस हाती लागत नाही.

जुन्याच ताट्यांवर भागवू नका. वाळा किंवा गवत कुजून खाली बसलं की वर पोकळी होते आणि तिथून गरम हवा सरळ घरात घुसते. पंप दहा मिनिटं चालवा, प्लग काढा, मग ताट्या हाताने चाचपा. कुठे कोरडा पट्टा लागला तर वरून पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं क्षारांनी बुजली असणार. बारीक तारेने मोकळी करा. बोअरचं पाणी असेल तर हे काम सारखं निघणारच.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटून राहतात.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र चालढकल अजिबात नको. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा.

आणि हो, समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर घर नुसतं दमट होतं. पाऊस लागला की पंप बंद, फक्त पंखा.