डिस्टोपियन रोमान्स (दडपशाहीच्या भयाण जगातल्या प्रेमकथा) नव्याने वाचायला घेतेयस ना, मग हे बघ

अगं, एकदम चार सिरीज मागवू नकोस, आधी एकच घे आणि पूर्ण कर. माझं ऐकशील तर हंगर गेम्स, २००८ ते २०१० मधली तिन्ही पुस्तकं, त्याच क्रमाने. २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या पुस्तकांतली गोष्ट आधीच्या काळातली आहे म्हणून काहीजण तिथूनच सुरुवात करतात, ते नको, म्हातारा स्नो, म्हणजे यातला खलनायक राष्ट्राध्यक्ष, काय चीज आहे हे माहीत असेल तरच त्याचं तरुणपण अंगावर येतं.

दुसरी चूक म्हणजे नायिका कॅटनिस पीटाची होणार की गेलची एवढंच बघत पानं उलटायची. पावसात उपाशी कॅटनिससाठी पीटा मुद्दाम ब्रेड करपवतो, आईचा मार खातो आणि तो ब्रेड तिच्याकडे टाकतो, तो प्रसंग सावकाश वाच. पुढे टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात कॅमेऱ्यासमोर दोघांना प्रेम दाखवावं लागतं, त्यात खरं किती नि नाटक किती हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आणि सिक्वेलमध्ये रोमान्स कमी झाला म्हणून सोडू नकोस प्लीज! तिसरं पुस्तक मॉकिंगजे मी अर्ध्यात ठेवलं होतं, वर्षाने परत घेतलं आणि आता तेच सगळ्यात जवळचं आहे.

अजून दोन गोष्टी:
- डायव्हर्जंट ही दुसरी सिरीज घेतलीस तर तिचा शेवट आधी शोधू नकोस. आणि फक्त सिनेमांवर राहू नकोस, शेवटचा सिनेमा आलाच नाही, गोष्ट पुस्तकातच संपते.
- हलकंफुलकं हवं असेल तर द सिलेक्शन, एका राजपुत्रासाठी ३५ मुली, बिनधास्त घे.