मध उकळून ठेवू नका

प्रश्न (भुदरगड तालुका): सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. जांभळावरचा मध पावसाच्या तोंडावर घाईने काढला. महिन्यात फेस आला, आंबूस वास येतोय. पुढच्या वेळी उकळून ठेवू का? शेजारी म्हणतात म्हशीच्या जखमेवर मध चालतो, तर हा मध लावू का?

उत्तर: उकळू नका. फेस यीस्टमुळे आला आहे आणि यीस्टला वाव मिळाला तो जादा पाण्यामुळे. पक्व मधात पाणी 20 टक्क्यांच्या आत असते. तुम्ही कच्चा मध काढलात, एवढेच झाले. पोळ्याच्या चौकटीतली निदान पाऊण घरे मेणाने बंद झाल्यावरच ती चौकट मध काढायच्या यंत्रात घाला. शंका आली तर चौकट आडवी धरून एक हिसका द्या. थेंब उडाले तर चौकट तशीच परत पेटीत ठेवा. आपल्याकडे जूनमध्ये हवाच ओली, त्यामुळे उघड्या बरणीतला चांगला मधसुद्धा पाणी ओढतो.

उकळण्याने काय जाते ते सांगतो. माशी फुलातला रस पोळ्यात आणताना आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमधून त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) मिसळते. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. जखम धुताना डॉक्टर ओततात आणि फसफसते, तेच हे पेरॉक्साइड. मधाचा आंबटपणा मुख्यतः या आम्लाचा. मध घट्ट झाला की विकराचे काम जवळपास थांबते, पाणी मिळाले की पुन्हा सुरू होते. उकळलात की ते कायमचे निकामी. राहते ते गोड पाणी, तेही काळवंडलेले. (साखर तपासायच्या बऱ्याच पट्ट्यांत हेच विकर असते, ते मात्र बुरशीपासून काढलेले.)

मध गोठून रवाळ झाला तर भेसळ समजू नका, ग्लुकोजचे खडे होतात. बरणी कोमट पाण्यात ठेवा. पाण्यात बोट सुखाने राहील इतकेच ऊन.

जखमेच्या ओलाव्याने मधातले विकर जागे होते, म्हणून शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण हा आंबलेला मध लावू नका. जखमेत किडे असतील किंवा ती खोल असेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना. आंबलेला मध माश्यांनाही परत पाजू नका, त्यांना हगवण लागते.