सात वर्षं सिगारेट ओढली, आता सोडून काय फायदा?

अरे भो,

कसं काय चाली ऱ्हायनं पुण्यात? तुझा रात्रीचा मेसेज वाचला. "सात वर्षं झाली, फुप्फुसाचं जे वाटोळं व्हायचं ते झालं, आता सोडून काय फायदा", आणि खाली हसायचा इमोजी. सुट्ट्यांमध्ये माझ्या मेडिकलच्या काउंटरला बसायचास तेव्हापासून तुला ओळखतो, तू असा हसलास म्हणजे आतून टरकलेला असतोस. फोनवर बोललो तर तू हो हो करून विषय बदलशील म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी तुझा हिशोब. डॉक्टर लोक पॅक-इयरमध्ये मोजतात, रोज २० सिगारेटी एक वर्ष ओढल्या की एक पॅक-इयर. तू सुट्या घेतोस आणि आपल्याकडे दहाचं पाकीटही मिळतं त्यामुळे पाकिटं मोजू नको, सिगारेटी मोज. रोज १०, सात वर्षं, म्हणजे ३.५. आता लगेच खूश होऊ नको, कारण हा आकडा डॉक्टरांना सोयीचा असला तरी फसवा पण आहे. रोज २० दहा वर्षं ओढली काय आणि रोज १० वीस वर्षं ओढली काय, दोन्ही १० पॅक-इयरच होतात, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दुसरा माणूस जास्त धोक्यात असतो. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या संशोधकांनी १९७८ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांच्या माहितीवरून हेच दाखवलं, की रोज किती ओढतो यापेक्षा किती वर्षं ओढतो हे खूप जास्त नडतं. सोसायटीच्या कर्जासारखं आहे बघ, मुद्दल लहान असलं तरी मुदत लांबली की माणूस बुडतो. म्हणून तू जे म्हणतोस ना, "दहावरून पाचवर आणतो, मग बघू", ते मला पटत नाही. काहीच न करण्यापेक्षा बरं आहे एवढंच, पण वर्षं चालूच राहतात, आणि कमी ओढणारा प्रत्येक झुरका खोल घेऊन निकोटिन भरून काढतो हे तुलाही माहितीये.

आत काय होतं ते पण सांगतो, नाहीतर तुला वाटेल काका नुसते घाबरवून राहिले. धुरातलं बेंझोपायरीनसारखं रसायन पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, पेशी दुभंगताना ती चूक कायमची राहते. रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० बदल असे जमा होतात, हे २०१६ चं संशोधन आहे. त्यातला बहुतेक भाग कचरा, पण चुकीच्या जागी चार-पाच बदल एकत्र आले की काम झालं. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २०२० मध्ये सिगारेट सोडलेल्या लोकांच्या श्वासनलिकेतल्या पेशी तपासल्या, तर काहींमध्ये २० ते ४० टक्के पेशी कधीच न ओढणाऱ्याच्या पेशींसारख्या निघाल्या. चालू ओढणाऱ्यांमध्ये अशा पेशी खूप कमी. म्हणजे सोडल्यावर धड राहिलेल्या पेशी हळूहळू जागा परत घेतात. सगळं वाटोळं झालेलं नसतं रे.

पण एक गैरसमज काढून टाक. सगळीकडे लिहिलेलं असतं की सोडल्यावर दहा वर्षांत धोका निम्मा होतो, आणि लोकांना वाटतं आपला धोका आजच्या निम्म्यावर येतो. तो निम्मा असतो ओढत राहिलेल्या माणसाच्या तुलनेत! त्या माणसाचा धोका दरवर्षी वर चढत जातो, तुझा साधारण जिथे सोडलास तिथे थांबतो. पूर्ण शून्यावर येत नाही, कधीच न ओढणाऱ्यापेक्षा थोडा जास्त राहतोच. म्हणून कमी चढलेला असताना थांबणं महत्त्वाचं.

आकडे बघ. ब्रिटनमधल्या पुरुषांचा हिशोब २००० साली छापून आला होता. आयुष्यभर ओढत राहिले तर ७५ वर्षांपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका १०० मध्ये जवळपास १६. साठीला सोडली तर १०, पन्नाशीला ६, चाळिशीला ३, तिशीला २ च्या आत. तू २५ चा आहेस.

आता तू म्हणशील, काका, १६ गेले म्हणजे ८४ जण त्याने गेले नाहीत ना, आणि आमच्या गल्लीतले बाबा नव्वदीपर्यंत बिड्या फुंकत जगले. बरोबर आहे. पण डॉल आणि त्यांचे सहकारी ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ज्या ब्रिटिश डॉक्टरांवर लक्ष ठेवलं त्यांचा ५० वर्षांचा हिशोब २००४ मध्ये आला, ओढत राहिलेल्यांपैकी साधारण निम्मे सिगारेटमुळेच गेले, हार्ट अटॅक, दम, पॅरालिसिस सगळं धरून, आणि सरासरी दहा वर्षं आधी. गल्लीतले बाबा दिसतात कारण ते उरले.

सोडायचं कसं, तर नुसती शपथ घेऊ नको, शपथ आखाजीच्या सणापर्यंतही टिकत नाही आपल्याकडे. निकोटिनचं २ मिलीग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं, पण लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसतात आणि मग म्हणतात उचकी लागली, मळमळलं. थोडं चाव, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेव, झिणझिणी गेली की परत चाव. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं थांब, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही, आणि तुझा खरा घोटाळा चहाच्या टपरीवरच आहे, म्हणून पहिले काही दिवस टपरीची कंपनीच बदल. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात घाण जातात, प्रत्येक तलफ काही मिनिटांची असते, महिनाभरात जोर उतरतो. गमने भागलं नाही तर डॉक्टरांकडे जा, व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत, त्या माझ्यासारख्याला विचारून घ्यायच्या नाहीत. १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे, पाकिटावरच छापलेली असते. आणि सोडल्यावर खोकला वाढला तर घाबरून परत पेटवू नको, श्वासनलिकेतले बारीक केस जागे होऊन घाण बाहेर ढकलायला लागतात म्हणून तसं होतं. फक्त तीन आठवड्यांच्या पुढे गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दाखव. सिगारेट सोडून विमल-तंबाखूवर जाऊ नको, गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणतात पण तू जिथे मागशील तिथे मिळतो, आणि त्याने तोंडाचा कॅन्सर होतो. व्हेपचं नाव काढू नको.

आता तुझ्या आबांचं. तुझ्यापेक्षा मला त्यांची जास्त काळजी आहे. केळीच्या बागेत रोज एक बंडल, वीस वर्षांचे असल्यापासून, आता साठीला आले. ते म्हणतात बिडी म्हणजे सातपुड्यातलं टेंभुर्णीचं पान, त्याने काय होतं. पानच ना, पण आत तंबाखूच आहे, फिल्टर नाही, आणि ती विझू नये म्हणून जास्त वेळा, जोरात ओढावी लागते, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आत जास्त जातं. अमेरिकेत ५० ते ८० वय, २० पॅक-इयर, आणि अजून ओढणारे किंवा १५ वर्षांच्या आत सोडलेले, अशांना दरवर्षी लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचा छातीचा स्कॅन, करायला सांगतात. तिकडे ५३ हजार लोकांवर अभ्यास झाला होता, २०११ मध्ये निकाल आला, सीटी केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेवाल्यांपेक्षा २० टक्के कमी होते. आपल्याकडे अशी सरकारी तपासणी नाही, आणि जुन्या टीबीचे डाग सीटीत गाठीसारखे दिसतात म्हणून उगाच धावपळही होते, त्यामुळे सेंटरवर जाऊन आपल्या मनाने सीटी काढायचा नाही, आधी छातीच्या डॉक्टरांना भेटायचं. पण दरवर्षी नुसता एक्स-रे काढून "क्लीन आहे" म्हणत बसण्यात अर्थ नाही. टीबीच्या बाबतीत उलटही होतं, कॅन्सर असतो आणि थुंकीची तपासणी न करता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालतात, काउंटरवर बसून हे मी बघत आलोय.

तर असं कर. या रविवारी गावी येशील तेव्हा आबांची जुनी फाईल काढ, एक्स-रे, टीबीच्या गोळ्या कधी घेतल्या ते कागद, सगळं. रोज किती बिड्या आणि कोणत्या वर्षापासून हे त्यांना चिडू न देता विचार, तुझ्या आईला विचारलंस तर जास्त खरं कळेल. डॉक्टरांना खरा आकडा सांगायचा, लाजून निम्मा करायचा नाही. सोमवारी जळगावला छातीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतो, तू सुट्टी टाक, आबा माझ्याबरोबर एकटे यायचे नाहीत.

तुझा काका