आजारपणात किंवा मन उदास असताना मऊ भात-मेतकूट सोडून काय खावं?

ज्वारीच्या कण्या, ताकातल्या.

तुम्ही लिहिलंय की ताप येऊन गेलाय, हॉस्टेलवर आहात, तोंडाला चव नाही, घरची आठवण येते आणि मऊ भात-मेतकूट "सोडून" काहीतरी सुचवा. ते सोडून वाचलं आणि म्हणलं हे उत्तर आपणच द्यायचं. कारण मराठीत आजारपणाचं खाणं म्हणलं की सगळे मऊ भात, तूप, मेतकूट, लिंबाचं लोणचं इथंच येऊन थांबतात, जसं काय अख्ख्या महाराष्ट्रात लेकरू तापलं की आंबेमोहोरच शिजायला लागत होता.

आम्ही परभणीकडचे, सेलूजवळचं गाव. माझ्या लहानपणी आमच्यात भात म्हणजे सणाला नाहीतर पाहुणा आला की. बाकी वर्षभर ज्वारी. ताप आला कण्या, पोट बिघडलं कण्या जरा पातळ करून, आजोबाचे दात गेले तर शेवटची चार वर्षं रात्रीच्याला कण्याच. ज्वारीला पाण्याचा हात लावून थोडं मुरू द्यायचं, मग जात्यावर भरडायची, पाखडून कोंडा उडवायचा, चाळून खाली पडलेलं पीठ भाकरीच्या डब्यात, वर राहतं ते कण्या. वाटीभराला पाच-सहा वाट्या पाणी, मीठ, आणि मंद आचेवर पाऊण तास हलवत बसायचं, नाहीतर तळाला धरतात. उतरवून कोमट झाल्यावरच ताक, आधी घातलं तर फाटतं. वरून ठेचलेल्या लसणाची फोडणी, तापात मिरची नाही.

आता खरं काय झालं ते सांगतो.

२००८ साली मी पुण्यात स्पर्धा परीक्षा करत होतो, पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर, एका खोलीत तिघं. पूर्वपरीक्षेच्या महिनाभर आधी टायफॉईड झाला. बाप म्हणला गावाकडं ये, मी म्हणलं नाही येत, परीक्षा आहे. मग मायनं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दोन किलो कण्या पाठवल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठोडं करून, सोबत लसणाच्या चार गड्ड्या. पहाटे साडेपाचला ते पार्सल आणायला माझा रूम पार्टनर गेला होता, माझ्या अंगात ताप होता म्हणून. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढं तो लई वाईट माणूस वाटंल.

तो रत्नागिरीकडचा. त्यानं गाठ सोडली, मूठभर हातात घेतल्या आणि म्हणला, "अरे ह्या तर आमच्याकडे कोंबड्यांना घालतात." तिसरा हसला. आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

(त्याच्याच गावात तांदळाच्या कण्यांची पेज करून माणसं पितात हे मला लई उशिरा कळलं. तेव्हा माहीत असतं तर तोंडावर फेकून मारलं असतं.)

मग गाठोडं गेलं कॉटखाली आणि पुढचे आठ-दहा दिवस मी त्याच्या हातचा मऊ भात खाल्ला, त्याच्या आईनं दिलेलं मेतकूट घालून. घरमालकानं शेगडी लावायला बंदी केली होती, मीटर पळतं म्हणून, तर हा दाराला कडी लावून भात शिजवायचा. चांगला शिजवायचा. आणि रोज रात्री मायचा फोन.

"कण्या खायलास ना रे?"
"हो, रोज."
"ताक कुठून आणायलास?"
"डेअरीतून."
"लसूण टाकायलास का?"
"टाकायलोय माय, ठेव आता फोन."

खोटं बोलायचं तर एकदाच बोलून भागत नाही, इथं रोज ताक आणावं लागायचं, लसूण ठेचावा लागायचा. आणि तिनं हिशोब लावला, रोजच्या एवढ्या म्हणजे वीस-बावीस दिवसांत संपत आल्या असतील, आणि न विचारता आणखी दोन किलो पाठवल्या. तेपण गाठोडं कॉटखाली.

परीक्षा झाल्यावर ती स्वतः आली. खोली झाडायला म्हणून कॉटखाली हात घातला आणि दोन्ही गाठोडी बाहेर काढली. पहिल्यात किडे झाले होते, वर जाळी धरलेली, फडकं उचललं की कण्यांचे लोंबते गोळेच हाताला. मी म्हणलं आता बोलंल. काही बोलली नाही. पेपर मागितला, जमिनीवर अंथरला, सूप नव्हतं तर मेसच्या स्टीलच्या ताटात घेऊन पाखडत बसली, दुपारभर. मी म्हणलं टाकून दे ना. तर म्हणली, "बहात्तरला आम्ही मिलो खाल्ली. लाल ज्वारी, अमेरिकेची. कितीबी शिजव, घशाखाली उतरत नव्हती. ही तर आपल्या रानातली मालदांडी." १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती, माय-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. किडे लागलेल्या पाखडून गावाकडं परत न्यायला बांधून ठेवल्या आणि दुसऱ्या गाठोड्यातल्या शेगडीवर शिजवल्या, तिघांनापण वाढल्या. रूम पार्टनरनं दोनदा घेतल्या. "काकू, मस्त झाल्यात." फोनवरच्या ताकाचा विषय तिनं आजपर्यंत काढलेला नाही.

बरं, पुढं ऐका. २०२३ आलं, संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं, तेपण भारतानंच ठराव मांडून. सगळीकडं मिलेट मिलेट. तर ह्याच माणसानं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, कुठल्यातरी कॅफेत काचेच्या वाटीत "ज्वारी पॉरिज", वर दोन बदाम, २८० रुपये. मी लिहिलं, कोंबडी खूश झाली का? त्यानं लिहिलं, म्हणजे? त्याला काहीच आठवत नाही! पंधरा वर्षं मी हे डोक्यात घेऊन फिरतोय आणि ह्याला आठवतच नाही.

आणि आता आमच्याकडं ज्वारी राहिली कुठं. खरिपाची तर सोयाबीननं खाल्ली, रब्बीची थोडीफार आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ ला "परभणी शक्ती" म्हणून वाण आणलंय, लोह आणि जस्त जास्त असलेलं, हैदराबादच्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत. पण गावात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आणि जे लोक गव्हाची पोळी म्हणजे मोठेपणा समजत होते तेच आता डॉक्टरनं सांगितलं म्हणून भाकरी खायलेत.

हां, तुमचा प्रश्न. हॉस्टेलवर पाऊण तास कण्या कोण शिजवणार, मला कळतंय. रात्री भिजवून ठेवा आणि कुकरला लावा, चार-पाच शिट्ट्यांत होतात, चव थोडी कमी येते. तेही नसंल तर मेसमधून भाकरी आणा, गरम दुधात कुस्करा, झाकून दहा मिनिटं ठेवा. सर्दी-खोकला असंल तर येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ), येसर घरून आलेलं पाहिजे, दुकानातलं नको. मन उदास असताना मात्र कण्या खाऊ नका, अजून रडू येतं. तेव्हा सुशीला करा, मुरमुरे भिजवून पिळून, भरपूर कांदा-मिरची, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. दहा मिनिटांत होते आणि जिभेला झोंबली की माणूस जरा जागेवर येतो.

एक राहिलं. तुमचा ताप टायफॉईडचा असंल तर पहिले काही दिवस कण्या नकोत. कोंडा कितीही उडवला तरी ज्वारीत चोथा असतो, आतडं आधीच सुजलेलं असतं, तेव्हा डॉक्टर मऊ, चोथा नसलेलंच खायला सांगतात. म्हणजे भात. म्हणजे त्या आठ-दहा दिवसांत त्यानं मला जे खाऊ घातलं तेच बरोबर होतं, मलापण डॉक्टरनं तेच सांगितलं होतं, पण त्यानं भात डॉक्टर म्हणाले म्हणून दिला नव्हता, कोंबड्यांचं खाणं नको म्हणून दिला होता, आणि मी तो टायफॉईड म्हणून खाल्ला नव्हता. जुलाब असतील तर ओआरएस आधी, खाणं नंतर.

आणि घरून कण्या मागवल्या तर घट्ट झाकणाचा डबा आधीच आणून ठेवा. फडक्यात बांधलेल्याला महिन्यात कीड लागते.