टनेलमधला बर्फ वाफशावर काढावा

प्रश्न असा आहे: "मी मूळचा मिरजेचा, सध्या कॅनडात एडमंटनजवळ राहतो. जुनी स्नोमोबाइल घेतली आहे, लिक्विड कूल्ड. दर फेरीनंतर टनेलमध्ये बर्फाचा थर बसतो, गाडी मागून जड होते, ट्रॅक घासल्याचा आवाज येतो. छिन्नीनं फोडू का? कसला स्प्रे मारू का?"

आधी छिन्नी खाली ठेवा. बाकीचं मग बोलू.

साताऱ्यात बसून हा गडी स्नोमोबाइलवर काय सांगणार, असं वाटेल. मी अपशिंग्याचा, घरटी फौजी असलेलं आमचं गाव. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होतो आणि त्यातले चार हिवाळे बर्फातल्या गाड्यांखाली गेले. 1984 पासून आपली फौज सियाचिनवर आहे. तसल्या मुलखात माणसं आणि सामान ओढायला स्नो स्कूटर वापरतात. तुमची स्नोमोबाइल ती हीच. आता मी साताऱ्यात ट्रॅक्टरची कामं करतो आणि बर्फ बघतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावर पळणारी गाडी, पुढं चाकांऐवजी दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या. सीटखाली ॲल्युमिनियमची पालथी पन्हाळ असते, तिला टनेल म्हणतात. तिच्यात गाडी ढकलणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक फिरतो. लिक्विड कूल्ड गाडीत इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, म्हणजे कूलंट, थंड करणारे कूलर या टनेलच्या छताला, आतल्या अंगानं बसवलेले असतात. ट्रॅक बर्फ उडवतो, तो कूलरवर आदळतो, वितळतो आणि इंजिन थंड राहतं. म्हणजे टनेलमध्ये बर्फ उडणं हा बिघाड नाही, गाडीची रचनाच तशी आहे. घोटाळा होतो तो वितळलेल्या पाण्याचा. ते कडेला, मागच्या भागात, सस्पेन्शनच्या दांड्यांवर ओघळतं. तिथं कूलर नसतो, ॲल्युमिनियम गारठलेलं असतं, मग ते तिथंच गोठतं. त्यावर नवा बर्फ, पुन्हा पाणी. उणे 25 ला बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो, तरी कूलरवर त्याचं पाणी होतंच. शून्याच्या आसपास तर बर्फ मुळातच ओला, तो चिकटायलाच टपलेला.

वजनाचा हिशेब करा. टनेल दीड मीटर लांब, 38 सेंटीमीटर रुंद धरला, तर एक इंच थराचा बर्फ साधारण 13 किलो भरतो. दोन इंच बसला की मागं सिमेंटची अर्धी गोणी बांधून फिरल्यासारखं. त्यात ट्रॅक आणि छत यांच्यातली जागा कमी होते. तुम्हाला ऐकू येतोय तो आवाज बहुतेक त्याचाच. आणि गंमत बघा, बर्फ साचून साचून इंजिन तापतं! कूलरला लागलेला थर आतून जरासा वितळतो, मध्ये हवेची फट पडते आणि बाहेरची ढेप तशीच अडकून राहते. ताजा बर्फ कूलरपर्यंत पोचतच नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मिरजेचे, म्हणजे काळं रान तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर ओल्या रानातून बाहेर आला की मडगार्डच्या आत चिखल थापलेला असतो. अगदी ओला असताना हात घातला तर नुसता माखतो. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी पहार लागते. मधे एक वेळ असते, चिखल नुकता आवळलेला असतो आणि लाकडाच्या फळीनं ढेपाच्या ढेपा सुटतात. रानाला वाफसा (मशागतीजोगी ओल) येतो तसा मडगार्डलाही येतो, म्हणा. बर्फाचं तेच आहे. गाडी उभी केल्यावर टनेल अजून कोमट असतो, बर्फ भिजलेल्या साखरेसारखा असतो. ती दहा-पंधरा मिनिटं तुमची. चहा प्यायला आत गेलात आणि तासाभरानं आलात, की दगड.

त्यामुळे काम फेरी संपायच्या आधीच सुरू होतं. शेवटचे एक-दोन किलोमीटर खोल भुसभुशीत बर्फातून न जाता दाबलेल्या वाटेनं जरा बऱ्या वेगानं या. सुटा बर्फ बराचसा उडून जातो. कडक वाटेवर कूलरला बर्फ कमी मिळतो, म्हणून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. स्क्रॅचर, म्हणजे वाट खरवडून बर्फ उडवणारे काटे, बसवलेले असतील तर खाली सोडा, ते स्लाइडलाही (ट्रॅक ज्यावर घसरतो ती प्लॅस्टिकची पट्टी) थोडा ओलावा देतात. घरी आल्यावर इंजिन बंद करा, दोघांनी मागच्या बंपरला धरून गाडी उचला आणि टेकवा. पाच-सहा वेळा. निम्मं ओझं तिथंच खाली पडतं. राहिलेलं हातानं आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं ओढून काढा. सस्पेन्शनच्या सांध्यांतलं आणि बोगी चाकांच्या (ट्रॅकच्या आतली छोटी चाकं) मधलं आधी काढा. छताकडं शेवटी बघितलं तरी चालतं.

मागचं टोक स्टँडवर उचलून ट्रॅक फिरवून बर्फ झाडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मागं आडोसा असलेला पक्का स्टँड असेल आणि मागच्या बाजूला कुणीही उभं नसेल, तरच. बर्फाची ढेप गोफणीच्या दगडासारखी सुटते.

गाडी लावताना ट्रॅकखाली आणि स्कीखाली दोन फळ्या टाका. नाहीतर सकाळी ट्रॅक जमिनीला चिकटलेला सापडेल. तशात ॲक्सिलरेटर दाबला तर ट्रॅक हलत नाही, क्लच फिरत राहतो आणि ड्राइव्ह बेल्ट एकाच जागी जळतो. आधी मागून उचलून सोडवा, मग चालू करा.

छिन्नीचं का म्हणालो ते आता सांगतो. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी शहाणपणा केला, जाड स्क्रूड्रायव्हर आणि हातोडा घेऊन टनेलखाली शिरलो. बर्फ छान फुटत होता. एक ढेप पडली आणि मागोमाग हिरवं पाणी ठिबकायला लागलं. कूलरचं ॲल्युमिनियम तुमच्या वाटण्यापेक्षा पातळ असतं. पांढऱ्या बर्फावर हिरवा कूलंट किलोमीटरभरावरून दिसतो. आम्हाला काम शिकवणारे उस्ताद आले, बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. ती गाडी दुसऱ्या गाडीमागं बांधून खाली न्यावी लागली आणि सगळं सामान आमच्या पाठीवर आलं. ठोकायचंच असेल तर रबरी हातोडा घ्या आणि बाहेरून टनेलच्या बाजूवर हलके टोले द्या, कूलरच्या जागी नाही.

दगड झालाच असेल तर शेडमध्ये घ्या आणि वेळ द्या. उणे 20 चा 20 किलो बर्फ वितळवायला हिशेबानं दोन युनिट वीज लागते. दीड हजार वॅटचा हीटर लावला तरी बरीच उष्णता इकडंतिकडं जाते, तेव्हा तीन-चार तास धरा. हीटर लांब ठेवा, झोत एकाच जागी नको, वर पेट्रोलची टाकी आहे हे विसरू नका. त्याच कारणानं ब्लो टॉर्चचं नावही काढू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून वितळवायचा विचारही नको, त्या धुरानं माणूस जातो. उकळतं पाणी ओतलं की ते खाली जाऊन पुन्हा गोठतं, काम वाढतं. मीठ टाकलं तर ॲल्युमिनियम खातं.

स्प्रेचं माझं मत: सिलिकॉनचा स्प्रे उपयोगी आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. टनेल धुऊन, पूर्ण कोरडा करून मारला तर बर्फ सहज सुटतो. काही फेऱ्यांत ट्रॅकच्या माऱ्यानं निघून जातो, पुन्हा मारावा लागतो. ब्रेक डिस्क आणि बेल्टवर उडू देऊ नका. स्वयंपाकाचं तेल मारणारेही आहेत. ते एका फेरीपुरतं.

आणि मागचा रबरी फ्लॅप कापू नका, कुणी काहीही सांगो. बर्फ थोडा कमी साचेल हे खरं, पण तोच फ्लॅप उडालेला बर्फ परत कूलरकडं फेकतो. कापला की काटा लालमध्ये.

सगळा बर्फ निघाल्यावरही घासल्याचा आवाज राहिला तर ट्रॅकचा ताण तपासा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात किती वजन लावून किती झोल हवा ते दिलेलं असतं. त्याच वेळी स्लाइडची झीज बघून घ्या. जुनी गाडी आहे म्हणताय, तिथंच काहीतरी सापडेल.